खेड्यांच्या नावे पडलेला तोटा

अर्जेंटिनात लांबचा प्रवास म्हणजे मुख्यतः बसचा. ब्युनॉस आयर्स ते मेंडोझा हे हजारेक किलोमीटरचे अंतर आम्ही उभयतांनी रातोरात कापले. आसनाचे नाव 'कामा', म्हणजे बिछाना. झोपही छान लागली. सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र झोप उडवणारा होता : "बसस्थानकाशेजारीच रेतिरोचे एवढे भव्य रेल्वेस्थानक, मग आपण बसने का?"

उत्तर १९९३ सालात आहे. तोट्याचे कारण देऊन केंद्र सरकारने लांब पल्ल्याच्या बहुतेक प्रवासी गाड्यांवरचा खर्च थांबवला. मोठ्या शहरांना बस मिळाली. रुळांकाठची कित्येक खेडी ओस पडली. बँकेत हयात घालवलेला माणूस एवढेच सांगेल : असा तोटा मिटत नसतो. सरकारच्या खात्यातून निघून तो खेड्यांच्या नावे पडतो.