मीटर पाडलेली गाडी

गेल्या आठवड्यात माझ्या नातीला शाळेत निबंध दिला होता, ‘आमची गाडी’. पोर चौथीत आहे. तिच्या बापाने हप्त्यावर जुनी मारुती घेतली आहे, तिच्यावर तिने चांगले पानभर लिहिले. मग पेन्सिल चावत मला विचारले, “आजी, तू लहान होतीस तेव्हा तुमच्याकडे कुठली गाडी होती?”

मी म्हटले, “काळी-पिवळी फियाट.”

ती हसायला लागली. “अगं, ती तर टॅक्सी! ती काय घरची गाडी असते?”

मी उठले. ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवलेला पितळी बिल्ला काढला आणि तिच्या हातावर ठेवला. त्यावरचा नंबर झिजून गेला आहे. तो खाकी शर्टाच्या खिशावर लावून आमच्या आबांनी पस्तीस वर्षे मुंबईचे रस्ते तुडवले. “ही आमची घरची गाडी,” मी म्हटले.

वाचकहो, आज दारोदार गाड्या दिसतात म्हणून तरुण मंडळींना तो काळ सांगावा लागतो. तेव्हा मोटारींच्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उत्तरपाऱ्याची अँबॅसडर, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. मारुती आली ती डिसेंबर १९८३ मध्ये. पैसे हातात असलेल्यालासुद्धा नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्कूटरचीही तीच गत. मग गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालिटीत राबणाऱ्या माणसाच्या घरी मोटार कुठून येणार? आपल्या घरांत वाहन म्हणजे बापाची सायकल. पुढच्या दांडीवर एक पोर, मागच्या कॅरिअरवर दुसरे, आणि हँडलला डबा. मोटारीत बसण्याचा योग येई तो तीन वेळा. बाळंतपणाला, मोठ्या दुखण्याला आणि लग्नाला. तीही टॅक्सीच.

आमचे नशीब थोडे वेगळे. टॅक्सी चालवणाराच आमचा बाप होता.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो. १६० चौरस फुटांची एक खोली आणि माणसे सात. आबा गावाहून आले तेव्हा आधी एका गॅरेजमध्ये गाड्या धुवायला राहिले. धुता धुता चालवायला शिकले, परवाना काढला, बिल्ला मिळवला. गाडी मात्र मालकाची. दिवसपाळीला एक ड्रायव्हर, रातपाळीला दुसरा. धंदा होवो न होवो, ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची. पेट्रोल वजा जाता उरेल ते आपले.

वर्षातून दोनदा ती गाडी आमची व्हायची. १४ एप्रिलला आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या एका रविवारी. आदल्या रात्री आम्हा भावंडांना झोप लागत नसे. फियाटची पुढची सीट सलग बाकड्यासारखी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढे आबांशेजारी दोघे सहज मावत. तिथे कोण बसणार यावरून आमची जुंपायची. रेक्झिनच्या सीटचा वास, उन्हात ती तापली की मांडीला बसणारा चटका, खिडकीपुढची ती तिकोनी काच बाहेर वळवली की तोंडावर येणारा वारा, हे सगळे मला आजही डोळे मिटले की आठवते. राणीची बाग, गेटवे, संध्याकाळी चौपाटी. परतताना मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर झोपलेली आम्ही पोरे.

एक गोष्ट मात्र आबा न चुकता करीत. आम्ही गाडीत बसलो की डावीकडे बाहेर हात घालून मीटर पाडत. ‘टिंग’ असा आवाज होई आणि आकडे फिरू लागत. आम्हाला वाटे, ही आमच्यासाठी गंमत आहे. धाकटा भाऊ मोठ्याने आकडे वाची. “आबा, इतके झाले! कोण देणार?” आबा म्हणत, “एक पाशिंजर आहे, तो देईल.”

तो पाशिंजर कोण, हे मी दहावीला गेल्यावर आईने सांगितले. मीटर वर दिसला की लोक हात करतात आणि त्यांना नाही म्हणणे आबांच्या जिवावर येई, म्हणून मीटर पाडायचा. मालकाची त्या दिवसाची रक्कम मात्र खिशातून द्यायची. एका रविवारच्या फिरण्यासाठी आबा पुढचे आठ-दहा दिवस दोन-दोन तास जास्त गाडी चालवीत. चहा सोडीत. आम्हाला वाटे, आबांना चहा आवडतच नाही.

१९ जुलै १९६९ ला देशातल्या १४ मोठ्या बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि पुढे टॅक्सी-रिक्षावाल्यांसारख्या लहान माणसाला बँकेच्या दारात उभे राहता येऊ लागले. आमच्या आबांनाही १९७८ साली कर्ज मिळाले. जामीन राहिले ते आमच्या मजल्यावरचे गिरणीकामगार काका. त्या कागदावर सही करताना ते म्हणाले, “तू बुडालास तर मी बुडालो, एवढं ध्यानात ठेव.” आबांनी ते ध्यानात ठेवले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काकांच्या घरची चूल विझायची वेळ आली, तेव्हा आमच्या गाडीची रातपाळी काकांच्या मोठ्या मुलाला मिळाली.

गाडी जुनीच होती, पण आमची होती. १९७९ च्या मे महिन्यात आबांनी शहराबाहेर जायचा परवाना काढला आणि आम्ही गावी निघालो. सात माणसे, वर कॅरिअरवर ट्रंका आणि वळकट्या. खोपोलीनंतर बोरघाट लागला. त्या चढाला तेव्हा सगळ्यांच्याच गाड्या तापत. कडेला बॉनेट उघडून गाड्यांची रांगच लागलेली असे. मग पुणे, कात्रज, खंबाटकी, सातारा. उंब्रजला मोठा रस्ता सोडून आम्ही आत वळलो.

आमच्या गावाआधी मसूर लागते. आबांनी गाडी मसूरच्या स्टेशनाशी नेली आणि आम्हाला खाली उतरवले. १९०१ साली लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले ते याच स्टेशनावर उतरले होते. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही पोरांनीच बैल हाकायचे आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. अख्खी रात्र ती पोरे पाण्याच्या घोटाविना राहिली. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. आबांनीही ती सभांतूनच ऐकली होती. पण त्या दिवशी त्यांनी भाषण केले नाही. फलाटाकडे बघत एवढेच म्हणाले, “बाप न्यायला आला नव्हता, कारण त्याला पत्रच मिळालं नव्हतं. त्या बापाला नंतर काय वाटलं असेल?” आणि थोडे थांबून आमच्याकडे वळले. “तुमचा निरोप मला मिळो न मिळो. मी गाडी घेऊन येईन.”

गाव जवळ आले तशी मागे बसलेली आजी चुळबूळ करू लागली. वेशीजवळ तिने आबांच्या खांद्याला हात लावला.

“हितंच थांबव रं. म्या उतरून चालत येते. चावडीम्होरनं गाडीत बसून कसं जायचं?”

“आये, बसून ऱ्हा.”

“लोकं काय म्हणतील?”

“गाडी कुणाची हाय, इचारतील. तू सांग.”

आबांनी हॉर्न वाजवला नाही, वेगही वाढवला नाही. बैलगाडीच्या चालीने ते चावडीपुढून गेले. पारावरच्या माणसांनी माना वळवल्या. एका म्हाताऱ्याने विचारलेच, “कुणाची रं गाडी?” आजीने पदर सावरला, तोंड खिडकीबाहेर काढले आणि म्हणाली, “माझ्या ल्येकाची!”

आबा हळूच पुटपुटले, “निम्मी बँकेची हाय, आये.” आम्ही सगळे हसलो. आजी मात्र हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत रडत होती.

त्याच रात्री वस्तीच्या तोंडाशी कंदील दिसला. वरच्या आळीतली माणसे. एका घरची सून दोन दिवस अडली होती. कराडला न्यायचे तर एसटी सकाळची. पुढे उभे असलेले घरधनी आबांना जन्मभर नावाने, एकेरी हाक मारत आलेले. त्या रात्री त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ‘अहो’ निघाले. “अहो, गाडी काढाल का?”

आमच्या चुलत्यांच्या मनात बरेच काही होते. विहिरीच्या आठवणी होत्या, वेठीच्या होत्या. ते काही बोलणार एवढ्यात आबांनी शर्ट चढवला. “गाडीला बाळंतीण तेवढी कळती,” म्हणाले, आणि निघाले.

पहाटे परत आले. बाळ-बाळंतीण सुखरूप. घरधन्यांनी नोटा पुढे केल्या. आबा म्हणाले, “माझा मीटर मुंबईत चालतो. हितं न्हाई.” मग हात जोडून त्यांनी दुसरेच मागितले. “आमच्या आयेला उद्यापासून नीट हाक मारा.” पुढे ती मंडळी नीट बोलू लागली. सगळे गाव बदलले असे मी म्हणणार नाही. पण त्या घरापुरते बदलले.

आता माझी गोष्ट. १९८७ च्या जुलैत मी कुर्ल्याला सासरी होते, दिवस भरत आलेले. रात्री पावसाने थैमान मांडले, लोकल बंद पडल्या, गल्लीत गुडघाभर पाणी. आणि नेमक्या तेव्हाच कळा सुरू झाल्या. घरी फोन नव्हता. मालक गाडी शोधायला गेले ते हात हलवत परतले. रात्री दोनच्या सुमारास दारावर थाप पडली. आबा. कमरेपर्यंत भिजलेले, चपला हातात.

“रेडिओवर म्हणाले, गाड्या बंद. म्हटलं, आता पोरीला कोण नेणार?”

जिथवर येता आले तिथवर टॅक्सी आणून, पुढचे अंतर ते पाण्यातून चालत आले होते. दोघांनी मला उचलून गाडीपर्यंत नेले. गाडी रिकामीच उभी होती, पण तिचा मीटर पाडलेला. वरळीपासून तसाच पाडून आणला होता, रस्त्यात कुणी हात करू नये म्हणून. त्या रात्री रुग्णालयात माझा मुलगा जन्मला. हाच, नातीचा बाप.

जाताना गाडी पाण्यातून काढावी लागली होती, इंजिनात पाणी शिरले. पंधरा दिवस ती उभी राहिली, धंदा बंद आणि वर दुरुस्तीचा खर्च. हेही मला आईनेच सांगितले, आबा गेल्यानंतर.

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती धंद्यातून गेली. त्या दिवशी टीव्हीवर लोक तिचे फोटो काढताना दिसत होते. मला मात्र तो ‘टिंग’ आवाज ऐकू येत होता.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या बापांनी आपल्याला बंगले, शेते ठेवली नाहीत. सायकल, हातगाडी, टेम्पो, रिक्षा, एसटीचे स्टिअरिंग, जे हाती आले त्यावर त्यांनी आपल्याला पुढे आणून सोडले. त्याचे भाडे किती झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. ज्यांचे वडील आज घरात आहेत त्यांनी आज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून विचारा. आईलाही विचारा, कारण खरा हिशेब तिच्याजवळ असतो. आणि जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा.

नातीने निबंध खोडून पुन्हा लिहिला. पहिले वाक्य असे आहे: ‘आमच्या घरची पहिली गाडी काळी-पिवळी होती आणि ती माझ्या पणजोबांची होती.’ बाईंनी त्यावर लाल शाईने ‘छान’ असा शेरा दिला आहे.