माणूस पळायला का लागतो?

"व्यायाम कशासाठी करता?" असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, "तब्येतीसाठी!" उत्तर चांगलं आहे, पण मला ते पूर्ण खरं वाटत नाही. तब्येत धड असते तोवर ती कुणाच्या लक्षातही नसते. नुसत्या तब्येतीसाठी पहाटे पाचला अंथरूण सोडणारा माणूस मी सत्तरी ओलांडली तरी फार क्वचित पाहिला आहे. उठणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. ते काय असतं, यावर थोडं लिहावंसं वाटलं.

आधी जुन्या काळाकडे बघू. आपल्याकडे गावोगाव मारुतीचं देऊळ असतं आणि पूर्वी त्याच्या आसपास कुठेतरी तालीम असायची. (आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर नांदुऱ्याला हायवेलगत 105 फुटांचा मारुती उभा आहे. त्याच्याकडे मान वर करून बघणं हाही मानेचा व्यायामच!) तालमीत जाणारा पोरगा रक्तदाबाचा विचार करत नव्हता. त्याला कुस्ती मारायची होती, जत्रेत नाव व्हायला हवं होतं, किंवा चार मित्र जात होते म्हणून तो जात होता. लोकमान्य टिळकांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा तालमीला आणि पोहण्याला जास्त दिलं, कारण प्रकृती किरकोळ होती आणि पुढची कामं मोठी होती. आपल्या शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे जाऊन आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार दाखवले. पारतंत्र्यातल्या देशातली पोरं दंड-बैठका मारत होती ती वजन कमी करायला नाही. त्यांच्या घामाला एक कारण होतं, आणि ते स्वतःपेक्षा मोठं होतं.

आज ते कारण काय आहे? आमच्या जिल्ह्यात त्याचं उत्तर पहाटे रस्त्यावर दिसतं. चिखली रस्त्याला घ्या, मेहकरकडे घ्या, नाहीतर खामगावकडे. अंधार असतानाच पोरांचे घोळके पळताना दिसतात. एकाच्या हातात मोबाईलचं घड्याळ, दुसऱ्याच्या हातात गोळा. विचारलं तर एकच शब्द ऐकू येतो, "भरती."

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर आणि 100 मीटर धावायचं, शिवाय गोळाफेक. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचा विषयच संपला. 1600 मीटरला पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. हा वेग काय असतो ते ज्याने त्याने एकदा पळून बघावं! कोरडवाहू शेती, सोयाबीनचे भाव हे असे, घरात बहिणीचं लग्न. अशा घरातल्या पोराला "व्यायामाची प्रेरणा" वगैरे भाषणं द्यावी लागत नाहीत. त्याची प्रेरणा घरातच बसलेली असते.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी सातवी-आठवीनंतर मुलगी पळताना दिसली तर गाव बघत राहायचं. आज मुली ट्रॅकपँट घालून भावाबरोबर, मैत्रिणींबरोबर पळतात. "मी व्यायामाला जाते" असं घरी सांगितलं असतं तर "काही गरज नाही, अंगण झाड" हेच ऐकायला मिळालं असतं. "भरतीची तयारी करते" म्हटलं की तोच बाप स्वतः गाडीवर बसवून मैदानापर्यंत सोडतो. म्हणजे नोकरीने मुलींना नुसती आशा दिली नाही, तर पळायची परवानगी दिली. व्याख्यानांनी आणि महिला दिनांनी जे झालं नव्हतं, ते भरतीच्या जाहिरातीने केलं.

पण या कारणाची दुसरी बाजूही आहे, आणि मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. जागा थोड्या आणि पळणारे हजारो. पोलीस भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गाला साधारण 28, मागासवर्गीयांना 33. ती ओलांडली की पोरगा पळायचा थांबतो. चार-पाच वर्षं रोज पहाटे उठलेला, अंगावर चरबीचा कण नसलेला पोरगा दोन वर्षांत पानटपरीवर पोट सुटलेला दिसतो. अशाच एका जुन्या विद्यार्थ्याला मी विचारलं, "काय रे, बंद केलं का पळणं?" तो म्हणाला, "आता काहून पयतो गुरुजी? वय निघून गेलं." वय 29! या वयात माणसाचं काय निघून जातं? पण त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पळणं त्याच्यासाठी कधी पळणं नव्हतंच, तो अर्ज होता. अर्ज नामंजूर झाला, फाईल बंद. उलट, पळणं आता त्याला आपल्या अपयशाची आठवण देतं. ज्या रस्त्यावर तो पळायचा त्या रस्त्याने सकाळी जायलाही त्याला नको वाटतं.

दुसरा मोठा गट आमच्यासारख्यांचा, म्हणजे चाळिशीच्या पुढचा. यांना घराबाहेर काढतो तो रिपोर्ट. डॉक्टर कागदावर शुगरच्या आकड्याभोवती गोल करतात आणि दुसऱ्या दिवशी साहेब नवे बूट घालून चालायला हजर! भीती हे कारण जोरदार असतं, पण टिकाऊ नसतं. तीन महिन्यांनी आकडा खाली आला की बूटही माळ्यावर जातात. भीती खोटी असते असं नाही. लंडनच्या बसगाड्यांवरचा जेरेमी मॉरिस यांचा 1953 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला. गाडी तीच, मार्ग तोच! आपल्या एस.टी.तल्या मंडळींनीही यावर विचार करायला हरकत नाही. पण त्या कंडक्टरांनी तरी व्यायाम म्हणून कुठे जिने चढले होते? तिकिटं फाडायची होती म्हणून चढले.

2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आकडे आले की 2022 साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत सुमारे 42 टक्के आणि बायकांत 57 टक्के. पुरेशी म्हणजे आठवड्याला मध्यम स्वरूपाची 150 मिनिटं, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला यातलं काही सांगू नये, तिचा हिशेब कधीच पूर्ण झालेला असतो. पण तिची तालुक्याला दिलेली मुलगी चार भिंतींत अडकते. तिच्याजवळ वेळ नसतो असंही नाही, "कुठे निघालीस?" या प्रश्नाला उत्तर नसतं. आमच्या भागात साडीवर स्पोर्ट्सचे बूट घालून चार-पाच जणी मिळून संध्याकाळी फिरायला निघतात, ते मला फार आवडतं. त्यांच्यातली कुणी एकटी निघाली नसती. चौघी आहेत म्हणून कुणी विचारत नाही.

मला वाटतं खरी मेख इथेच आहे. सुरुवात कशानेही होते: भीतीने, नोकरीने, लग्न ठरल्यावर फोटोत बरं दिसावं म्हणून, कुणी जाड्या म्हटलं म्हणून. ती सगळी कारणं चालतात, त्यांना नाकं मुरडू नयेत. पण चालू राहतं ते सोबतीने आणि जागेने. माझंच सांगायचं तर निवृत्तीनंतर मी फिरू लागलो तो काही आरोग्यशास्त्र वाचून नाही. चाळीसच्या आसपास वर्षं घंटेवर चाललेल्या माणसाला रिकामी सकाळ खायला उठते. दोन जुने सहकारी चौकात थांबायचे, म्हणून जात राहिलो. रोज दहा हजार पावलांचा हिशेब मोबाईलवर बघणाऱ्यांनाही सांगतो, तो आकडा कुठल्या वैद्याने काढलेला नव्हता. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. आकड्यापेक्षा चौकात वाट बघणारा माणूस जास्त खरा!

आपल्या शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. महिनाभर चालणारे ते वारकरी, त्यात साठीचे लोक असतात. त्यांना कुणी फिटनेस विचारत नाही. रांग आहे, टाळ आहे, पुढचा चालतो म्हणून मागचा चालतो.

आणखी एक राहिलं. शाळांमधून आपण वर्षानुवर्षं उठाबशा आणि ग्राउंडला चकरा या शिक्षा म्हणून वापरल्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आली, पण दोन-तीन पिढ्यांच्या मनात व्यायाम म्हणजे दंड हे पक्कं बसलेलं आहे. आपल्या भाषेत व्यायामातला 'दंड' आणि शिक्षेचा 'दंड' हा शब्दही एकच निघावा, ही गंमत म्हणायची की काय!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. लोक आळशी झाले असं म्हणत बसू नका. पोरं आज भरधाव ट्रकांच्या शेजारून हायवेवर पळतात, कारण त्यांना मैदान नाही. आणि शाळांची मैदानं संध्याकाळी सहानंतर कुलपात असतात. ती कुलपं उघडायला निधी लागत नाही, एक जबाबदार माणूस लागतो. तो माणूस प्रत्येक गावात आहे. 29 वर्षांचा, भरतीतून राहिलेला, ज्याला पळणं, गोळा, दम राखणं सगळं येतं. ग्रामपंचायतीने त्याला शाळेच्या मैदानाची किल्ली द्यावी, थोडं मानधन द्यावं आणि सांगावं, ही लहान पोरं सांभाळ, त्या बायांसाठी एक तास राखून ठेव. त्याला पुन्हा उठायला कारण मिळेल. आणि त्याच्याकडे बघून पोरांना कळेल की नोकरी नाही लागली तरी पळता येतं.