नितळ पाणी आणि निरीक्षण विहीर

“डॉक्टर, आमच्या बोअरचे पाणी काचेसारखे नितळ आहे हो!” हे वाक्य दवाखान्यात मी वारंवार ऐकतो. वाचकहो, नितळपणा ही पाण्याची पारख नव्हे. भूजलातील नायट्रेटला आणि फ्लोराइडला रंगही नसतो, वासही नसतो.

नायट्रेट येते ते रासायनिक खतांतून, गोठ्यांतून आणि शोषखड्ड्यांतून. भारतीय मानकाप्रमाणे त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. प्रौढांना सहसा काही जाणवत नाही. परंतु सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले पावडरचे दूध पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ओठ, नखे निळसर पडतात. पुष्कळ माता पाणी उकळून निश्चिंत होतात. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र राहते. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढतेच.

आपल्या जागेशेजारी पेट्रोल पंप, जुना कारखाना वा कचरा डेपो असेल, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. अशा जागी भूजलतज्ज्ञ निरीक्षण विहिरी घेतात. ही विहीर पाणी उपसून वापरण्यासाठी नसते. अरुंद छिद्रात खाचा पाडलेला पाइप उतरवतात, भोवती धुतलेली वाळू भरतात आणि पावसाचे पाणी कडेने झिरपू नये म्हणून वर बेंटोनाइट मातीचा थर देतात. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यासाठी किमान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नव्हेत. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाट काढते. म्हणून शेजाऱ्याचा चांगला अहवाल आपल्या कामाचा नाही.

नमुना घेणे हे तर खरे कसबाचे काम. पाइपात साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते. तापमान, सामू आणि विद्युतवाहकता स्थिरावल्यावरच बाटली भरतात. बेंझीनसारखी उडून जाणारी द्रव्ये तपासायची असतील, तर काचेच्या कुपीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावयाचे. (रक्ताचा नमुना देताना उपाशीपोटी यायला विसरणाऱ्यांना हे पटेल!)

घरच्या बोअरसाठी एवढा खटाटोप नको. पंप काही वेळ चालू ठेवून, टाकीतून नव्हे तर बोअरच्याच नळातून पाणी घ्या. जंतुतपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावू नका. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा तपासणी करावी. जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात चौकशी केल्यास मार्ग सापडतो.

अहवाल हाती येईपर्यंत तान्ह्या बाळाच्या दुधासाठी बोअरचे पाणी वापरू नका. अतिनील दिव्याच्या किंवा कँडलच्या फिल्टरने नायट्रेट निघत नाही; त्यासाठी आरओ यंत्रच लागते.