राज्यांचे हक्क म्हणजे कुणाचे?

गेल्या रविवारी वंदनेनंतर विहारात एका कॉलेजच्या मुलाने आम्हाला अडवले. ''काका, अमेरिकेतले यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, राज्यांच्या हक्कांवरून झाले, असे माझा मित्र म्हणतो. खरे काय?'' चहा गार झाला तरी बोलणे संपले नाही. म्हणून येथे लिहितो.

दक्षिणेची राज्ये म्हणत, आमच्या कारभारात वॉशिंग्टनने लुडबूड करू नये. ऐकायला बरे वाटते. पण १८५० चा पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा कुणी मागितला? याच दक्षिणेने! त्या कायद्याने केंद्राचे अंमलदार उत्तरेच्या राज्यांत शिरून माणसे धरू लागले. धरलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे. ज्यूरी नाही. आणि निकाल देणाऱ्या कमिशनरची फी? माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५! कागदपत्रे जास्त करावी लागतात, असे त्याचे कारण सांगत. आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

१८५४ साली विस्कॉन्सिन राज्यात जोशुआ ग्लोव्हर हा पळून आलेला गुलाम पकडला गेला. लोकांनी मिलवॉकीचा तुरुंग फोडून त्याला बाहेर काढले. तो कॅनडात पोचला. पुढाकार घेणारे शेरमन बूथ यांच्यावर खटला झाला. बूथ वर्तमानपत्राचे संपादक होते, हे आम्हाला विशेष आवडले. विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयाने तो केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. म्हणजे राज्याने आपला हक्क बजावला की नाही? पण १८५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती टॉनी. काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे १८५७ मध्ये लिहिणारे तेच.

२० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना फुटून निघाले. चार दिवसांनी कारणे जाहीर केली. त्यांत विस्कॉन्सिनसकट उत्तरेच्या राज्यांची नावे घेऊन तक्रार आहे, की ही राज्ये आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत. न्यूयॉर्क तर गुलामाला बरोबर घेऊन प्रवासही करू देत नाही. दुसऱ्याच्या राज्याने आपल्या घरात स्वतःचा कायदा चालवला, हाच त्यांचा राग! पुढे १८६१ मध्ये फुटीरांनी स्वतःची घटना केली, तीत गुलामांवरची मालकी नाकारणारा कायदा करायलाच बंदी घातली. तेव्हा देशात जवळजवळ ४० लाख माणसे गुलाम होती. त्यांचे हक्क कुणी विचारले नव्हते.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीरावांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्या मुलाने अर्पणपत्रिका वाचलेली नाही. येत्या रविवारी आमची प्रत विहारात घेऊन जाणार आहोत, मित्रालाही बोलाव म्हटले आहे.