कडुनिंबाखालचा पट्टेदार गालिचा

वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. त्या सुमारास अमळनेरमधील बहुतेक अंगणांतील लॉनने मान टाकलेली असते. उघड्यावरचे गवत उन्हाने करपते आणि कडुनिंबाखालचे गवत सावलीने विरळ होत जाऊन शेवटी तिथे उघडी माती उरते. मग पावसाळा आला की नवे गवत आणायचे, वर्षभर त्याला पाणी घालायचे, पुढच्या वैशाखात पुन्हा तीच माती पाहायची, असा क्रम अनेक घरांत चालत आलेला आहे. यंदा गवताची नवी खेप मागविण्यापूर्वी वाचकांनी निदान झाडाखालच्या जागेसाठी एका वेगळ्या वनस्पतीचा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख.

रोपवाटिकेत ही वनस्पती ‘स्पायडर प्लांट’ या नावाने मिळते. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम. मूळ आफ्रिकेतील. पाने लांब, निमुळती आणि गवतासारखी असली तरी ती गवत नव्हे. तिचे कुळ शतावरीचे. आपल्याकडची सफेद मुसळी ही तिची सख्खी बहीण म्हणावी अशी. मुसळीच्या शास्त्रीय नावात मुंबईचे बोरिवली आहे, आणि पावसाच्या आरंभी डोंगराळ भागांतून बाजारात येणारी फोडशीची रानभाजीही याच घराण्यातील. स्पायडरची मुळे मुसळीप्रमाणेच मांसल असतात व त्यांत पाणी साठते. एखाद्या आठवड्यात पाणी चुकले तरी हे रोप तग धरते ते या साठ्याच्या बळावर.

पट्टेदार स्पायडरचे दोन प्रकार सर्वत्र मिळतात. ‘व्हिटाटम’मध्ये पांढरा पट्टा पानाच्या मधोमध असतो, ‘व्हेरिगेटम’मध्ये मध्य हिरवा आणि कडा पांढऱ्या. हा पांढरा भाग म्हणजे हरितद्रव्य नसलेल्या पेशी. पानाचा हिरवा भाग अन्न तयार करतो आणि पांढरा भाग त्यावर पोसला जातो. कुटुंबात कमावते हात थोडे असले की खर्च बेताने करावा लागतो, तसेच या रोपाचे आहे. त्याची वाढ हिरव्या जातीपेक्षा संथ असते आणि दुपारचे थेट ऊन त्याला सोसवत नाही. खानदेशात त्याची जागा झाडाच्या सावलीत, पूर्वेकडील भिंतीलगत किंवा इमारतीच्या उत्तर बाजूस. मात्र अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात पट्टे फिके पडतात. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली, हे त्याला सर्वांत मानवते. कडुनिंबाखाली हे गणित चांगले जमते, कारण निंबाची पानगळ फाल्गुनात होते आणि ऊन प्रखर होईपर्यंत नवी पालवी फुटलेली असते. गळलेली पाने तेवढी हलक्या हाताने झाडून काढावीत.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात उन्हातील लॉनला रोज सहा-सात मिलिमीटर पाणी सहज लागते. शंभर चौरस फूट म्हणजे सुमारे सव्वानऊ चौरस मीटर. तेवढ्या लॉनला दररोज साठ लिटरच्या आसपास, महिन्याला सुमारे अठराशे लिटर पाणी झाले. नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहणाऱ्या गावात हा खर्च लहान नव्हे. सावलीतील स्पायडरला साधारणपणे याच्या निम्मे पाणीही पुरते, आणि तेही रोज द्यावे लागत नाही. वरची दोन बोटे माती सुकली की द्यावे. ठिबक सिंचन ही तर आपल्या जळगाव जिल्ह्याची ओळख. ठिबकची एक नळी पानांखालून फिरविली तर पाणी मुळांशीच पडते आणि वाया जात नाही. शिवाय येथे कापणीचे यंत्र फिरवावे लागत नाही. लॉनच्या प्रत्येक कापणीत गवताबरोबर किती बारीक जीव कापले जातात, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

लागवड आषाढात, पहिले दोन-तीन पाऊस होऊन जमीन निवल्यावर करावी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व मांसल मुळे कुजतात. म्हणून वाफा जमिनीपासून चार ते सहा इंच उंच ठेवावा आणि काळी माती, जुने कुजलेले शेणखत व जाड वाळू समप्रमाणात मिसळावी. झाडाची मोठी मुळे तोडू नयेत. त्यांच्या मधल्या जागांत रोपे बसवावीत. दोन रोपांत नऊ इंच अंतर ठेवले तर शंभर चौरस फुटांना सुमारे १८० रोपे लागतात.

इतकी रोपे विकत घेण्याची मात्र गरज नाही. पंचवीस रोपे आणावीत. दिवस लहान होऊ लागले की या रोपांमधून लांब काड्या निघतात, त्यांना बारीक पांढरी फुले येतात आणि टोकांना पिल्ले धरतात. काडी न तोडता पिल्लू शेजारच्या मातीने भरलेल्या कुंडीत टेकवावे व केसांच्या पिनेने दाबून ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरली की काडी कापावी. एका रोपापासून चारच पिल्ले धरली तरी पहिल्या हिवाळ्यात शंभर होतात. मुद्दल धरून सव्वाशे झाली. उरलेली पंचावन्न पुढच्या हिवाळ्यात सहज मिळतात. दोन पावसाळ्यांत वाफा भरतो. आपल्याकडे कंद-मूळ उपटणे टाळणारी घरे अनेक आहेत. या पद्धतीत मूळ रोपाच्या मुळांना हातही लावावा लागत नाही, ही मोठी सोय आहे. पिल्लांमध्ये पट्टेही तसेच उतरतात. बियांपासून केलेली रोपे बहुधा साधी हिरवी निघतात.

पानांची टोके तपकिरी पडू लागली तर रोग समजून औषध फवारू नये. पाण्यातील क्षार व फ्लोराइड या रोपाला सोसत नाहीत, आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी रूढ झाली आहे. त्या पाण्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात, म्हणून ते स्पायडरला घालू नये, फरशी पुसण्यास वापरावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. गच्चीवरचे पावसाचे पाणी साठविले असेल तर त्याहून उत्तम काही नाही.

दोन गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. हा गालिचा पायाखाली तुडविण्याचा नव्हे. मुलांना खेळायला किंवा चारचौघे बसायला जागा हवी असेल तर तेथे लॉन किंवा फरशीच बरी; वाफ्यातून जाण्यासाठी शहाबादी फरशीचे तुकडे पावलाच्या अंतराने बसवावेत. आणि कधी एखाद्या रोपात पूर्ण हिरवा फुटवा आला तर तो लगेच मुळापाशी काढावा. त्याच्याकडे हरितद्रव्य अधिक असल्याने तो जोमाने वाढतो आणि दोन-तीन वर्षांत पट्टेदार रोपांना मागे सारतो.

हे रोप घरातील हवा शुद्ध करते, असेही विक्रेते सांगतात. १९८९ च्या नासाच्या ज्या अभ्यासाचा त्यासाठी दाखला दिला जातो, तो लहान बंद पेट्यांमध्ये केलेला होता. उघड्या दारे-खिडक्यांच्या घरात त्या परिणामाची अपेक्षा धरू नये. हे रोप विषारी नाही, त्यामुळे रांगत्या बाळाच्या घरी ते निर्धास्त लावता येते. त्याच्या खरेदीला एवढे कारण पुरेसे आहे.

आषाढ जवळ आला आहे. यंदा झाडाखालचा एकच कोपरा निवडावा, पंचवीस रोपे लावावीत आणि उरलेल्या जागेचा निर्णय पुढच्या वैशाखातील टाकीची पातळी पाहून घ्यावा.