अठ्ठेचाळीस मतांचा धडा



मुंबईतल्या मरोळचा आणि आपल्या कोरडवाहू रानाचा काय संबंध, असे कोणी विचारील. कपाशी-ज्वारीने दगा दिला की घरचा एखादा पोरगा मुंबई गाठतो. कोणी मरोळच्या कारखान्यात लागतो, कोणी बांधकामावर. संबंध तिथूनच सुरू होतो.

हे मरोळ मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात येते. ४ जून २०२४ ला तिथली मतमोजणी झाली. यंत्रातली मते अशी : अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. फरक एका मताचा! टपाली मते कीर्तिकरांना १,५०१, वायकरांना १,५५०. बेरीज झाली आणि वायकर ४८ मतांनी खासदार झाले. त्याच मोजणीत १११ टपाली मते बाद ठरली होती. त्यांची फेरतपासणी झाली, निकाल तोच राहिला. कीर्तिकर हायकोर्टात गेले, डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली.

कोण जिंकला, कोण हरला, याचे आपल्याला सोयरसुतक नाही. लबाडी झाली असाही आमचा आरोप नाही. आमचा सवाल एवढाच : जिथे ४८ मतांनी खासदार ठरतो, तिथे १११ माणसांची मते बाद होतात आणि त्याची कोणाला खंत नाही, हे कसले मतदान?

टपाली मत म्हणजे कागदांचा चक्रव्यूह आहे. मतपत्रिका छोट्या पाकिटात घालायची. त्या पाकिटावर मतपत्रिकेचा क्रमांक. सोबत नमुना १३-अ चे घोषणापत्र, त्यावर मतदाराची सही आणि अधिकाऱ्याचे साक्षांकन. मग दोन्ही मोठ्या पाकिटात. घोषणापत्र राहिले, सही राहिली किंवा साक्षांकन राहिले, की आतले पाकीट न उघडताच मत बाद. ही पाकिटे भरणारे बहुतेक शिक्षक, कारकून, पोलीस, म्हणजे शिकलेसवरलेले लोक. त्यांची ही गत, तर आपली काय होईल?

एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडरने कापूस कवडी ठरवला तर निदान आपल्या तोंडावर तरी सांगत असे. भांडता येई, गाडी माघारी आणता येई. इथे मत बाद झाले हे मतदाराला कळवण्याची सोयच नियमात नाही. कारण विचारले की मतदान गुप्त असते म्हणून सांगतील. अहो, घोषणापत्रापायी बाद झालेले पाकीट तुम्ही उघडतच नाही, मग गुप्तता कशी फुटेल? अमेरिकेतल्या काही राज्यांत सही चुकली तर मतदाराला कळवून दुरुस्तीची मुदत देतात. आपल्याला दोन ओळींचे कार्डही नाही.

आता आपल्या घरात या. ८५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना आणि ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देता येते. त्यासाठी नमुना १२-ड भरायचा, तोही अधिसूचनेनंतर पाच दिवसांत. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे खूण होते आणि मतदान केंद्राचे दार बंद होते. पथक दोनदा घरी येते. दोन्ही वेळा आजी लेकीकडे गेलेली असली, तर आजीचे मत गेलेच. म्हणून सही करण्याआधी हे नीट विचारून घ्या.

आणि मरोळला गेलेला आपला पोरगा? सैनिकाला टपाल आहे, निवडणुकीच्या कामावरच्या नोकरदाराला आहे. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला नाही. सरकारच्या कामाला गेलात तर मत तुमच्या मागे येते, स्वतःच्या घामाच्या कामाला गेलात तर मत गावातच राहते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. उसाचा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून होता. बीडच्या कोयत्याने फडात जायचे की मतदानाला? तिकडेच नाव नोंदवा, असे म्हणतात. चार-सहा महिन्यांसाठी गेलेल्याने दरसाल नाव कुठेकुठे हलवायचे? निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एका ठिकाणाहून ७२ मतदारसंघांचे मत घेणाऱ्या यंत्राचा नमुना जाहीर केला. पक्षांनी शंका काढल्या. २०२४ च्या लोकसभा-विधानसभेला ते यंत्र आलेच नाही.

यंत्राच्या शंका आम्हालाही आहेत. टपालाचा हा गुंता जसाच्या तसा मजुराच्या गळ्यात बांधा, असेही आम्ही म्हणत नाही. आधी गुंता सोडवा, मग दार उघडा.

म्हणून जिल्हा बैठकीत हा ठराव मांडा :

१. घोषणापत्र एका पानाचे, सोप्या मराठीत असावे. पाकीट घेणाऱ्या अधिकाऱ्याने ते मतदारासमोर तपासूनच घ्यावे.

२. घोषणापत्रापायी मत बाद झाले तर मतदाराला कारणासह लेखी कळवावे.

३. १२-ड ची मुदत वाढवावी आणि त्याची दवंडी गावात द्यावी.

४. हंगामी मजुराला जिथे काम तिथे मत देता यावे. त्याची रीत ठरवताना मजुरांना विचारावे.

भाव मागताना आपण दान मागितले नाही. मत मागतानाही मागणार नाही. ते आपले आहे, ते मोजले गेलेच पाहिजे.