‘कुत्री उचला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

भिवंडीच्या जुन्या वस्तीत, निजामपुऱ्यापासून बंदर मोहल्ल्यापर्यंत, भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की एकच मागणी होते: गाडी बोलवा, सगळी उचला, शहराबाहेर सोडून या. या मागणीमागची भीती खरी आहे. इथले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात. आडवेळी पाळी सुटलेला कामगार अरुंद गल्लीतून एकटा खोलीवर निघतो आणि टोळकं अंगावर येतं. ही भीती क्षुल्लक ठरवून त्याला प्राणिप्रेमाचे धडे देणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तो जो उपाय मागतो आहे, त्याने त्याचीच रात्र अधिक धोक्याची होणार आहे.

उचलण्याच्याही पलीकडचा उपाय मुंबईने करून पाहिला आहे. 1832 साली कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध तिथले पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. तरी कुत्री मारण्याचं धोरण 1990 च्या दशकापर्यंत टिकलं आणि कुत्री काही संपली नाहीत. संपणार कशी? मटणाच्या दुकानामागचे तुकडे, खाणावळीचं खरकटं, दोन दिवस न उचललेला कचरा हे सगळं जागच्या जागी असतं. एक टोळी नेली की शेजारच्या वस्तीतली दुसरी येते, आणि आलेल्या कुत्र्यांना लस दिलेली आहे की नाही हे गल्लीत कुणालाच ठाऊक नसतं.

उरतो तो नसबंदी करून कुत्री जागच्या जागी सोडण्याचा मार्ग. त्यावरचा आक्षेप जास्त वजनदार आहे: नसबंदी केलेला कुत्रा चावत नाही का? चावू शकतो. पण माजाच्या दिवसांतली नरांची झुंडशाही आणि पिल्लांजवळ कुणी गेलं की मादीने घेतलेली झडप, चावण्याची ही दोन मोठी कारणं नसबंदीने कमी होतात. शिवाय शस्त्रक्रियेबरोबर रेबीजची लस दिली जाते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे चावणारा कुत्रा लस दिलेला आहे की नाही यावर जीव अवलंबून असू शकतो. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं. पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना यातून वगळलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. तो त्या आवारांपुरता आहे. गल्ल्यांना त्याचा आधार घेता येत नाही.

मग अनेक शहरांत निर्बीजीकरण फसलेलं का दिसतं? कारण ते विखुरलेलं असतं. इथे दहा, तिथे वीस कुत्री धरली की आकडा कागदावर भरतो आणि उरलेल्या माद्या वर्षभरात तूट भरून काढतात. जयपूरमध्ये ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने 1994 पासून ठरावीक भागात नेटाने काम केलं. तिथल्या सुमारे 65 टक्के माद्यांची नसबंदी झाली, कुत्र्यांची संख्या आठ वर्षांत 28 टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांमधला रेबीज शून्यावर आला. गोव्यात सातत्याच्या लसीकरणाने रेबीज आटोक्यात आला. म्हणजे एक भाग घ्यायचा आणि तो पुरा केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इथेच स्वयंसेवक लागतात. कुठली मादी कुठल्या जिन्याखाली व्यायली, कुठल्या कुत्र्याच्या कानाला नसबंदीची खाच नाही, हे पगारी पथकाला कळत नाही. रोज भाकरी टाकणाऱ्याला कळतं. तोच हाक मारून कुत्रा धरून देतो. भिवंडीला हे नवं नाही. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि 1992-93 ला मुंबई दंगलींनी पेटली असताना भिवंडी शांत राहिली. गल्लीची माहिती गल्लीतल्या माणसांकडून घ्यायची आणि जबाबदारीही त्यांच्यावर टाकायची, हे या शहराने त्याहून कितीतरी कठीण प्रसंगी करून दाखवलं आहे.

‘आमच्याकडे कुत्रा घरात चालत नाही, मोहीम कशी चालेल?’ असंही मुस्लिम घरांतून विचारलं जातं. घरात घ्या असं कुणी म्हणतच नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची पैगंबरांची हदीस या मोहल्ल्यांत लहान पोरांनाही ठाऊक आहे. माहिती देण्यापुरती आणि पिंजरा उचलण्यापुरती मदत तिथून नक्की मिळेल.

मात्र स्वयंसेवक आहेत म्हणून महापालिकेने हात झटकू नयेत. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे कर्तव्य स्थानिक स्वराज्य संस्थेचंच आहे. शस्त्रक्रियागृह, पशुवैद्य, जखम भरेपर्यंत ठेवायचे पिंजरे आणि रोजचा कचरा उचलणं वर्गणीतून होणार नाही, होऊही नये. आणि जो रोज खायला घालतो पण मादीला शस्त्रक्रियेसाठी धरून देत नाही, त्याने पुढच्या पिल्लांची जबाबदारीही घ्यावी.

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यानंतर दोन महिन्यांत पिल्लं. तेव्हा निजामपुऱ्यातल्या माद्यांची यादी चैत्रात हवी आणि शस्त्रक्रिया आषाढापर्यंत उरकायला हव्यात. ती यादी संपल्यावरच पथकाने पुढचा मोहल्ला घ्यावा.